समर ऑफ कोड आणि आउटरीची: संयोजकाच्या नजरेतून

मुक्तस्रोत प्रकल्पांत, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही पाहता आणि सुधारता येतो अशा प्रकल्पांत, नवख्यांना मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करण्याची संधी देणारे ‘गूगल समर ऑफ कोड’ आणि ‘आउटरीची’ हे दोन उपक्रम विद्यार्थ्यांच्या बोलण्यात बहुधा जोडीनेच येतात. साम्य आहेच: दोन्हींत मानधन मिळते, दोन्ही घरबसल्या करता येतात आणि डेबियन (लिनक्सवर आधारित संगणक प्रणाली), विकिमीडिया (विकिपीडियामागची संस्था) यांसारखे प्रकल्प दोन्हींत उतरलेले आहेत. मात्र प्रकल्पाच्या संयोजकाने, म्हणजे प्रकल्पाच्या वतीने उपक्रमाची व्यवस्था पाहणाऱ्याने, दोन्हींना एकच मापदंड लावला, तर त्याचे मार्गदर्शक ऐन मोक्याच्या वेळी थकलेले असतात.

दोहोंचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. समर ऑफ कोड २००५ मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी त्यासाठी ग्नोम या लिनक्ससाठी डेस्कटॉप बनवणाऱ्या प्रकल्पाकडे १८१ अर्ज आले आणि त्यांत एकही स्त्रीचा नव्हता. तेव्हा ग्नोमने त्याच उन्हाळ्यात केवळ स्त्रियांसाठी वेगळा उपक्रम काढला, त्याला सुमारे शंभर अर्ज आले. इच्छुक स्त्रिया होत्याच, त्यांना कोणी बोलावले नव्हते, एवढाच याचा अर्थ. हाच उपक्रम २०१० मध्ये नव्याने उभा राहिला आणि २०१५ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या मुक्तस्रोत प्रकल्पांना आधार देणाऱ्या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली येऊन ‘आउटरीची’ झाला. आज तो केवळ स्त्रियांपुरता राहिलेला नाही. आपापल्या देशाच्या तंत्रक्षेत्रात भेदभाव सोसावा लागणाऱ्या सर्वांसाठी तो आहे आणि पहिल्या अर्जातच त्याबद्दल निबंधवजा उत्तरे लिहावी लागतात. समर ऑफ कोडला अशी अट नाही. २०२२ पासून तर विद्यार्थी असण्याचीही सक्ती उरलेली नाही, अठरा वर्षे पूर्ण केलेला कोणताही नवखा चालतो.

खरा फरक निवडीच्या पद्धतीत आहे. समर ऑफ कोडमध्ये निवडीचा कागद म्हणजे प्रस्ताव: काय करणार, कसे करणार, कोणत्या आठवड्यात काय पूर्ण होणार. प्रकल्पाने आधी कल्पनांची यादी जाहीर करायची, प्रस्ताव आले की मार्गदर्शकांनी ते वाचून क्रम लावायचा आणि गूगल जेवढ्या जागा देईल तेवढे उमेदवार घ्यायचे. यातला धोका असा की, सुबक वेळापत्रक आखणारा उमेदवार प्रत्यक्षात प्रकल्पाचा कोड स्वतःच्या यंत्रावर चालवूनही पाहिलेला नसतो. म्हणून पुष्कळ प्रकल्प प्रस्तावाआधी एखादा छोटा पॅच (कोडमधली दुरुस्ती) मागतात, पण ती त्यांची स्वतःची अट असते.

आउटरीचीत मात्र प्रत्यक्ष योगदान हा नियमच आहे. प्राथमिक छाननीतून पुढे गेलेल्यांना सुमारे महिनाभराचा योगदानकाळ मिळतो आणि त्यात किमान एक योगदान नोंदवल्याशिवाय अंतिम निवडीचा विचारच होत नाही. एका जागेसाठी तीस जण आले, तर तिसांना पुरतील एवढी छोटी कामे आधीच काढून ठेवावी लागतात. कुठे दस्तऐवजातली चुकलेली आज्ञा दुरुस्त करायची, कुठे एका फंक्शनला चाचणी जोडायची. आणि प्रत्येकाचे काम तपासून उत्तरही द्यायचे. माझ्या मते मार्गदर्शकाची खरी कसोटी हाच महिना आहे, नंतरचे तीन महिने त्यामानाने सोपे. कोड न लिहिणाऱ्यांनाही, म्हणजे रचनाकार किंवा दस्तऐवज लेखकांनाही, इथे प्रवेश आहे.

पैशाचा हिशेबही वेगळा आहे. समर ऑफ कोडचे मानधन गूगल देते; ते देशागणिक बदलते आणि ९०, १७५ की ३५० तासांचा प्रकल्प आहे यावरही ठरते. आउटरीची जगभर सर्वांना सारखेच ७,००० डॉलर देते, पण त्यासाठीचा प्रायोजक बहुतेकदा सहभागी प्रकल्पालाच शोधावा लागतो. त्यामुळे तिथे किती जणांना घ्यायचे, हे मार्गदर्शकांच्या उत्साहावर नव्हे तर जमलेल्या निधीवर अवलंबून असते.

वेळापत्रकाचे म्हणाल, तर समर ऑफ कोड वर्षातून एकदा असते आणि आउटरीचीच्या दोन फेऱ्या होतात: मे ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते मार्च. विद्यापीठात शिकणाऱ्या उत्तर गोलार्धातील, म्हणजे भारतातीलही, विद्यार्थ्यांसाठी पहिली फेरी असते. आणखी एक अट विद्यार्थ्यांना बहुधा उशिरा कळते: समर ऑफ कोड एकदा केलेल्याला आउटरीचीत प्रवेश मिळत नाही, उलट आउटरीची करून नंतर समर ऑफ कोडला अर्ज करता येतो. दोन्हींसाठी पात्र असलेला विद्यार्थी विचारायला आला, तर संयोजकाने त्याला हा क्रम पहिल्या भेटीतच सांगावा.