बाभूळ आणि वेडी बाभूळ: काटा सोडा, पान बघा

सोलापूर जिल्ह्यात काटेरी झाड दिसलं की त्याला सरसकट बाभूळ म्हणतात. बोलण्यापुरतं चालेल, पण झाड तोडताना आणि लाकूड घेताना हा घोळ महागात पडतो. बांधावरची धडधाकट गावठी बाभूळ ‘वेडी’ समजून आडवी होते, आणि रस्त्याकडेची वेडी बाभूळ औजाराचं लाकूड म्हणून गळ्यात मारली जाते.

गावठी बाभूळ सांगायला नको. काळ्या रानातल्या ओढ्याकाठी वाढणारी, चिरा पडलेल्या काळपट सालीची, डिंकाची, दातवणाची. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. जनावरं शेंगा खातात, शेणातून बी पसरतं, म्हणून गायरानं तिनं भरली.

सगळे फसतात ते काट्यावर. काटे दोघींनाही असतात, वेडीचेसुद्धा जोडीनं येतात. फुलं-शेंगा असतील तर प्रश्नच मिटला: गावठीला पिवळा गोल गोंडा आणि दोन बियांच्या मधे आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी शेंग; वेडीला बोटासारखा लांब तुरा आणि न आवळलेली, पिवळसर शेंग. दोन्ही नसतील तेव्हा एक अख्खं पान देठासकट तोडून तळहातावर ठेवा. वेडीचा देठ पुढं जाऊन बेचक्यासारखा फुटतो: बहुधा फाट्यांची एकच जोडी, कधी दोन, फार तर तीन. पानोळ्या, म्हणजे फाट्यावरची बारीक पानं, सुट्या सुट्या, सेंटिमीटरभर किंवा जास्त लांब. गावठीच्या देठावर तीन ते सात-आठ जोड्या एकामागोमाग, पानोळ्या पाच मिलिमीटरच्या आसपास, पिसासारख्या दाट. ही खूण चुकत नाही.

ओंडक्याला पान नसतं, तिथं खरी पंचाईत. गावठीचा गाभा ताजा असताना गुलाबीसर, हवा लागली की तांबूस तपकिरी होतो, वेडीचाही तपकिरी-तांबूसच. हातात उचलून वजनावर सांगणाऱ्यांवर तर अजिबात विसंबू नका. वाळल्यावर दोन्ही घनफुटाला साधारण २२-२३ किलो भरतात, सागापेक्षा जड. म्हणून व्यवहार उभ्या झाडावरच करावा. साल सोललेला ओंडका घेऊच नये.

वेडीचं लाकूड मऊ असतं, हेही साफ खोटं. ते कठीण आहे, वाळताना आकसतंही कमी. उणं आहे ते सरळपणात. बुडापासूनच चार-पाच वाकडी खोडं फुटतात, त्यातून गाडीच्या चाकाच्या आऱ्यांच्या (मधल्या दांड्यांच्या) किंवा पुठ्ठ्यांच्या (कडेच्या गोलाईच्या तुकड्यांच्या) लांबीचा तुकडा क्वचित निघतो. तिची जागा चुलीत, भट्टीत आणि कोळशाला. तिथं ती उत्तम. चाकाच्या तुंब्याला, म्हणजे आरे बसतात त्या मधल्या ठोकळ्याला, मात्र गावठीच हवी. आरे ठोकून बसवताना भोकाभोवतीचं लाकूड फाटता कामा नये, आणि तो चिवटपणा तिच्यात आहे.

गावठीचा गाभ्याभोवतीचा पांढरट थर किडा पोखरतो. तो तासून टाका, किंवा ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवा. किड्याला लागणारं पिठूळ द्रव्य निघून जातं. नंतर सावलीतच वाळवा. उन्हात टोकं तडकतात.

वेडी काढायची असेल तर जमिनीवरून छाटू नका. खुंटातून दुप्पट फूट येते. बुडाभोवती उकरून, वीतभर खोलवरून मूळ तोडा.