अल्पमुदतीच्या गृहभाड्याचे स्थानिक नियमन

राहते घर किंवा त्यातील खोली प्रवाशांना काही रात्रींपुरती भाड्याने देण्यावर नगरशासन वा प्रांतशासन घालते ती बंधने. नोंदणी, रात्रींची वार्षिक मर्यादा, यजमानाचे तेथील वास्तव्य, अग्निसुरक्षा व पर्यटनकर यांचा त्यांत सामान्यतः समावेश होतो.

या नियमांचा उगम बहुधा एअरबीएनबीसारख्या (स्थापना २००८) गृहभाड्याच्या संकेतस्थळांच्या प्रसाराशी जोडला जातो. कायद्यांचा मजकूर पाहता हे मत अपुरे वाटते. लंडनपुरत्या १९७३ च्या कायद्यानुसार निवासी जागा एकाच व्यक्तीला सलग ९० रात्रींपेक्षा कमी काळ राहण्यास देणे हा जागेचा वापरबदल ठरला व त्यासाठी नियोजन परवानगी आवश्यक झाली. २०१५ मध्ये ही अट शिथिल झाली. कॅलेंडर वर्षात एकूण ९० रात्रींपर्यंत परवानगी लागत नाही. मात्र जागा देणारा त्या घराच्या स्थानिक कराला पात्र असावा लागतो. दोन्हीकडे ९० हाच आकडा असल्याने पुष्कळदा गल्लत होते. पहिला आकडा एका मुक्कामाच्या लांबीचा, तर दुसरा वर्षभराच्या मुक्कामांच्या बेरजेचा आहे. न्यूयॉर्कमध्येही राज्याच्या १९२९ च्या बहुनिवास कायद्यात (अनेक कुटुंबांच्या इमारतींविषयीच्या) २०१० मध्ये दुरुस्ती करून किमान सलग ३० दिवसांच्या वास्तव्याची अट स्पष्ट करण्यात आली. त्यामुळे संकेतस्थळांच्या प्रसारानंतर जुन्याच तरतुदी कोठे शिथिल, तर कोठे अधिक स्पष्ट व कडक झाल्या, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. न्यूयॉर्क शहरातील सक्तीची नोंदणी सप्टेंबर २०२३ पासून अमलात आली. तेथे ३० दिवसांहून कमी मुक्कामासाठी यजमान घरी असावा लागतो व पाहुणे दोनच चालतात.

जपानमध्ये जून २०१८ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय कायद्याने १८० दिवसांची वार्षिक मर्यादा घातली, पण ती आणखी आवळण्याची मुभा स्थानिक शासनांना दिली. क्योतो शहराने केवळ निवासी असलेल्या विभागांत हा व्यवसाय साधारणतः जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच चालू दिला. हा तेथील पर्यटनाचा मंद हंगाम, हे लक्षणीय आहे.

घरटंचाई हे परवानगी सक्तीची करण्याचे ग्राह्य कारण असू शकते, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये पॅरिसमधील एका प्रकरणात दिला. उपाय मात्र घरटंचाईच्या प्रमाणात असावा लागतो. बार्सिलोनाच्या नगरशासनाने २०२४ मध्ये पर्यटक सदनिकांचे सुमारे दहा हजार परवाने २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचा मनोदय जाहीर केला. वार्षिक मर्यादेसाठी रात्रींची संख्या मोजण्याचे काम मात्र संकेतस्थळांकडील माहितीवाचून होत नाही. म्हणून युरोपीय संघाने २०२४ च्या विनियमाने नोंदणी क्रमांक व माहितीची देवाणघेवाण यांची समान चौकट ठरवली.