दहा नंबरची जर्सी आणि ऑस्टिनमधली ती रात्र

२४ जानेवारी २०१६ च्या रात्री टेक्ससच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, पोलिसांनी एका चालकाला दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपावरून अटक केली. चालक होता विन्स यंग, अमेरिकन फुटबॉलचा माजी खेळाडू. टेक्सस विद्यापीठाच्या फुटबॉल चाहत्यांसाठी ही बातमी घरातल्या मुलाची असावी तशी होती, आणि प्रतिक्रियाही घरातल्यासारख्याच उमटल्या. काहींचं म्हणणं, चूक झाली, पण पोरगा आपला आहे, फार ताणू नका. काही मनापासून चिडलेले: टॅक्सी बोलवायला काय झालं होतं? आणि जवळजवळ सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, नशीब, कोणाला लागलं नाही.

या मायेचं मूळ बरोबर दहा वर्षं मागे आहे. ४ जानेवारी २००६, कॅलिफोर्नियातलं पॅसाडीना, रोझ बोलचं मैदान. समोर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ, सलग ३४ सामने जिंकलेला. शेवटची पावणेसात मिनिटं उरली तेव्हा टेक्सस २६–३८ असं मागे होतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, चौथी वाया गेली की चेंडू समोरच्यांचा. टेक्ससची शेवटची चौथी संधी आली तेव्हा पाच यार्ड हवे होते आणि घड्याळात अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ होता. यंगने पास द्यायला जागा शोधली, ती सापडली नाही, तेव्हा चेंडू काखेत घेऊन तो उजव्या कोपऱ्याकडे धावत सुटला आणि थेट गोलरेषेपार गेला. १९ सेकंद बाकी. टेक्सस ४१, प्रतिस्पर्धी ३८. त्या एका सामन्यात तो २०० यार्ड धावला होता आणि २६७ यार्डांचे पास दिले होते. टेक्ससला निर्विवाद राष्ट्रीय विजेतेपद मिळालं, १९६९ नंतर पहिल्यांदाच.

व्यावसायिक फुटबॉलची मुख्य लीग म्हणजे एनएफएल. तिचा संघ ऑस्टिनमध्ये नाही, कधीच नव्हता. एक लाख माणसं बसतील असं विद्यापीठाचं स्टेडियम हेच शहराचं मैदान. शिवाय कॉलेजच्या खेळाडूला त्या काळी पगार नसे. शिष्यवृत्ती मिळायची, पण स्वतःच्या नावावर किंवा फोटोवर एक डॉलर कमवायची परवानगी नव्हती. ती मिळाली जुलै २०२१ मध्ये. त्यामुळे यंगसारखा ह्यूस्टनमधून आलेला, आई आणि आजीने वाढवलेला मुलगा चाहत्यांना मोबदल्यावर खेळणारा नोकर वाटलाच नाही. तो ‘आपल्यासाठी’ खेळला, ही भावना पक्की बसली. २००८ मध्ये विद्यापीठाने त्याचा दहा नंबर निवृत्त केला, म्हणजे त्या नंबरची जर्सी त्याच्या सन्मानार्थ राखून ठेवली. व्यावसायिक कारकीर्द मात्र चढउतारांची गेली. पहिल्या वर्षी आक्रमण फळीतला सर्वोत्तम नवोदित खेळाडू, पुढे एका संघातून दुसऱ्यात, आणि २०१४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. मधल्या काळात, २०१३ मध्ये, त्याने अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी विद्यापीठानेच त्याला नोकरी दिली. अटक झाली तेव्हा तो त्याच विद्यापीठाचा कर्मचारी होता.

दुसरा इतिहास कायद्याचा आहे, आणि चाहत्यांची प्रतिक्रिया समजायला तोही तितकाच लागतो. यंगचा जन्म १९८३ चा. तो तीन वर्षांचा होता तेव्हा टेक्ससमध्ये स्टिअरिंगवर बसून बिअर पिणं हा गुन्हाच नव्हता. नशेत असणं गुन्हा होता, पिणं नव्हतं. ते बेकायदा ठरलं १९८७ मध्ये. गाडीत उघडी बाटली ठेवायला बंदी आली थेट २००१ मध्ये, म्हणजे यंग कॉलेजात जायच्या जेमतेम वर्षभर आधी.

नशा मोजायची सोय तशी जुनी. इंडियानात १९३० च्या दशकातच एक यंत्र निघालं होतं. माणसाने फुग्यात श्वास सोडायचा, ती हवा जांभळ्या द्रावणातून जाऊ द्यायची आणि रंग किती उडतो ते पाहायचं. १९५४ मध्ये रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी ब्रेथलायझर बनवला. यंत्र होतं, कायदाही होता, लाज नव्हती. दारू पिऊन गाडी ठोकली तर लोक त्याला ‘अपघात’ म्हणत आणि चालकाची कीव करत. हे बदललं एका आईने. मे १९८० मध्ये कॅलिफोर्नियात कँडी लाइटनर यांची तेरा वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेने चालली असताना एका नशेतल्या चालकाने तिला उडवलं, आणि त्याला याआधीही याच गुन्ह्यात पकडलेलं होतं. लाइटनर यांनी नशेत गाडी चालवण्याविरुद्ध आयांची संघटना उभी केली. १९८४ मध्ये दारू पिण्याचं वय देशभर २१ करायला लावणारा कायदा झाला. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा पूर्वी १०० मिलिलिटरला १५० मिलिग्रॅम होती, ती उतरत २००५ पर्यंत सगळ्या राज्यांत ८० वर आली. (आपल्याकडे ती ३० आहे.) १९८२ मध्ये अशा चालकांमुळे अमेरिकेत सुमारे २१ हजार माणसं मेली होती. २०१० च्या दशकात हा आकडा दहा हजारांच्या आसपास आला आणि २०२१ मध्ये पुन्हा तेरा हजारांपुढे गेला. ‘नशीब, कोणाला लागलं नाही’ हे वाक्य लोकांच्या तोंडी आलं ते या आयांमुळे.

तरीही माफ करणाऱ्यांचा आवाज दबत नाही, त्याचं कारण मला स्टेडियमच्या बाहेर दिसतं. सामन्याच्या दिवशी, बहुधा शनिवारी, सकाळपासून पार्किंगमध्ये शेगड्या पेटतात, बर्फाच्या पेट्यांतून बिअर निघते. २०१५ च्या मोसमापासून टेक्ससच्या स्टेडियममध्येही बिअर आणि वाइन मिळू लागली. संध्याकाळी ही गर्दी घरी जाते, आणि त्यातले कितीतरी स्वतःच गाडी चालवत जातात. नायकाला दोष द्यायचा तर आधी स्वतःच्या गेल्या शनिवारची आठवण होते. हा संकोच मी समजू शकतो. पण त्यावर भागवून घेता येत नाही.

यंगने जाहीर माफी मागितली, न्यायालयात आरोपाला विरोध केला नाही आणि त्याला १८ महिन्यांचं प्रोबेशन मिळालं, म्हणजे तुरुंगाबाहेर, पण न्यायालयाच्या देखरेखीखाली राहायची शिक्षा. विद्यापीठाने त्याला ठेवून घेतलं. जानेवारी २०१९ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, त्याची निवड झाली, आणि फेब्रुवारीत ह्यूस्टनजवळ त्याच आरोपावरून त्याला पुन्हा अटक झाली. त्याच वर्षी नोकरी गेली. २०२० मध्ये विद्यापीठाने त्याला क्रीडा विभागात परत घेतलं.

चिडलेल्या चाहत्यांची बाजू मला जवळची वाटते ती टेक्ससमध्येच घडलेल्या दुसऱ्या एका प्रकरणामुळे. डिसेंबर २०१२ मध्ये डॅलस काउबॉइज या व्यावसायिक फुटबॉल संघाचा खेळाडू जॉश ब्रेंट नशेत भरधाव गाडी चालवत होता. गाडी रस्त्याच्या कडेला आपटून उलटली आणि शेजारी बसलेला जेरी ब्राउन गेला. दोघे इलिनॉय विद्यापीठाच्या संघातही एकत्र खेळलेले, जिवाभावाचे मित्र. ब्राउनच्या आईने शोकसभेला ब्रेंटला आपल्यासोबत आणलं, आणि २०१४ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा न्यायालयात त्याच्यासाठी दयेची विनंती केली. त्याला १८० दिवसांचा तुरुंगवास आणि दहा वर्षांचं प्रोबेशन झालं. तिची विनंती बऱ्याच अंशी ऐकली गेली. मुलगा पंचवीस वर्षांचा होता.