३० तारखेला शटर खाली : नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी

नमस्कार. लालबागमधलं आपलं बारचं दुकान येत्या ३० तारखेच्या रात्री कायमचं बंद होतंय. गल्ल्यावर रोज तेच तेच प्रश्न येतात, म्हणून हा कागद छापला.

का बंद? चाळ पुनर्विकासात गेली. तोवर लायसन्स दुसरीकडे हलवायचं तर शाळा-देवळापासून नियमाप्रमाणे लांब गाळा हवा, आणि त्याचं भाडंही झेपायला हवं. त्यात १ नोव्हेंबर २०२३ पासून बारच्या बिलावरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० झाला, २०२५ च्या जूनमध्ये उत्पादन शुल्क चढलं. वाइन शॉपच्या बाटलीला हा जादा व्हॅट नाही. मग तिथून बाटली घेऊन गच्चीवर बसणाऱ्यांना बोल लावणार तरी कसा?

'दारू प्यायला परमिट कशाला?' हा तरुण मंडळींचा प्रश्न. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू आहे, नावात फक्त मुंबईचं महाराष्ट्र झालंय. १९५० च्या बंदीनंतर प्रकृतीच्या कारणाने परमिट मिळालेल्यांना अधिकृत दारू, बाकीच्यांना हातभट्टी आणि आंटीचा अड्डा, म्हणजे बायकांनी घरात चालवलेला चोरटा गुत्ता. पुढे बंधनं सैल झाली, परमिटवाल्यांना बसून प्यायला खोली मिळाली. पाटीवरचं 'परमिट रूम' ते हेच. एक दिवसाचं परमिट ५ रुपये, वर्षाचं १००, आजीवन १०००. आजीवन परमिट तुमच्या नावावर असतं, आमच्या नाही. ते फाडू नका, दुसऱ्या बारमध्येही चालेल. वयाची अट तीच: बिअरला २१, कडक दारूला २५.

बाबांनी दुकान घेतलं तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजत होते. पहिली पाळी सुटली की माणसं थेट आत. मागच्या भिंतीवर सतरा खिळे आहेत, ते रिकामे डबे अडकवायला ठोकलेले. नाइंटी (९० मिलीचा पेग), उकडलेले चणे, वर कांदा-लिंबू, आणि अर्ध्या तासात घरी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आधी खिळ्यांवरचे डबे दिसेनासे झाले, माणसं नंतर. कोणी गावी गेलं, कोणी वॉचमन झालं. त्या वर्षीची उधारीची वही बाबांनी माळ्यावर टाकली, ती परत खाली आली नाही.

आताची वही मात्र खाली आहे. ज्यांचं खातं बाकी आहे त्यांनी २५ पर्यंत मिटवावं. जमत नसेल तर निदान येऊन सांगावं, तोंड चुकवू नये. शेवटच्या दिवशी ऑर्डर रात्री ११ पर्यंत. चणे त्या दिवशी आमच्याकडून.

विसरलेल्या वस्तू गल्ल्याखाली आहेत: चार छत्र्या, दोन चष्मे, एक स्टीलचा डबा आणि एक कवळी. कवळीवाल्यांनी लाजू नये, दुपारी मागच्या दाराने यावं.