हे तर अगदी माझंच वर्णन!

‘वरून तुम्ही शिस्तीचे, संयमी दिसता, आतून मात्र काळजी आणि धाकधूक चालू असते.’ राशीच्या वर्णनात असं वाक्य वाचताना मनात काय होतं, त्यावर जरा लक्ष ठेवा. कुठला तरी प्रसंग चटकन वर येतो. मुलाखतीच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा न लागणं, किंवा हसून ऐकून घेतलेलं एखादं लागट बोलणं. वाक्यात यातलं काहीच नव्हतं. रिकाम्या जागा आपण भरल्या आणि श्रेय राशीला देऊन मोकळे झालो.

हे वाक्य आलंय बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या यादीतून. १९४८ साली त्याने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि आठवड्याभराने प्रत्येकाला ‘तुझं व्यक्तिमत्त्व’ म्हणून या यादीचा एक कागद दिला. वर्णन किती जुळतं? पाचपैकी सरासरी ४.२६ गुण पडले. मग त्याने पहिलं वाक्य मोठ्याने वाचून विचारलं, हे कोणाच्या कागदावर आहे? सगळे हात वर, आणि वर्गात हशा! सर्वांना एकच मजकूर मिळाला होता, त्यातला बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला.

मला त्याहून मजेशीर वाटतं ते हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञांचं प्रकरण. व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या तयार करण्यात त्यांची हयात गेली. १९७८ मध्ये ते आणि जेफ मेयो हे ज्योतिषी यांच्या अभ्यासात २,३२४ प्रौढांची उत्तरं तपासली गेली, आणि निकाल चक्क ज्योतिषाच्या बाजूने लागला. मेष, मिथुन, सिंह (पहिली, तिसरी, पाचवी) अशा विषम सूर्यराशींचे, म्हणजे जन्मवेळी सूर्य या राशींत असलेले लोक थोडे अधिक बहिर्मुख निघाले. ज्योतिषी खूश झाले. पण ही बरीचशी माणसं ज्योतिषात रस असणारी होती. राशींचे गुणधर्म ज्यांच्या कानावर पडलेच नव्हते, त्यांच्यात हा फरक सापडेना. म्हणजे ग्रहांनी स्वभाव घडवला नव्हता. ‘मी सिंह, म्हणजे मी चारचौघांत उठून दिसणारच’ हे ठाऊक असलेला माणूस प्रश्नावलीतही तसंच उत्तर देत होता.

राशी स्वभाव सांगत नाही, पण स्वतःबद्दल काय सांगायचं ते शिकवते! हेही काही लहानसहान नव्हे.

ज्योतिष्यांची बाजूही तपासली गेली. शॉन कार्लसन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापलेल्या प्रयोगात ज्योतिष्यांना एक जन्मपत्रिका आणि तीन व्यक्तिमत्त्व-अहवाल दिले. त्यातला पत्रिकेशी जुळणारा ओळखायचा होता. बरोबर उत्तरं साधारण एकतृतीयांश आली. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेवढीच आली असती.

ज्योतिषाच्या बाजूने कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाचं नाव इथे हमखास पुढे केलं जातं. आपल्या संध्याकाळी ज्योतिषात जातात, असं त्याने १९११ मध्ये मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याला कळवलं होतं, हे खरंच. राशींच्या प्रतिमांमधून माणूस स्वतःविषयी बोलू लागतो, इथवर मला ते पटतं. पण बोलायला निमित्त मिळणं वेगळं आणि स्वभावाचं मोजमाप वेगळं.

घरी करून बघायचं असेल तर बारा राशींची स्वभाववर्णनं घ्या, वरची नावं कापा, चिठ्ठ्या मिसळा आणि मित्राला स्वतःची ओळखायला सांगा. ‘राजेशाही’, ‘समतोल’, ‘नांगी’ असले चुगली करणारे शब्द मात्र आधीच खोडून टाका.