निर्दोष संकेतस्थळांवर धोक्याचा शिक्का : पार्श्वभूमी

अँटिव्हायरस आणि ब्राउझर निर्दोष संकेतस्थळांनाही धोकादायक ठरवतात, अशा तक्रारी होत असतात. अँटिव्हायरसचे काम मुळात फाइली तपासण्याचे होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही सॉफ्टवेअर विक्रीला आली, तेव्हा व्हायरस प्रामुख्याने फ्लॉपीवरून एका संगणकातून दुसऱ्यात जात आणि प्रत्येक ज्ञात व्हायरसच्या कोडमधला एखादा तुकडा खूण म्हणून जपून ठेवला की तो पुन्हा ओळखता येई. फाइल कुठल्याही संगणकावर नेली तरी तीच राहते, त्यामुळे तिच्याविषयीचा निर्णय चुकला तरी तो त्या फाइलीपुरता आणि तिच्यासारख्या फाइलींपुरता असे.

२००५-०६च्या सुमारास हे चित्र पालटले. घातक कोड वेबपानांतूनच पसरू लागला आणि बनावट बँकांची पाने दाखवून पासवर्ड काढून घेण्याचे प्रकार वाढले. त्यामुळे फाइल संगणकात उतरण्याआधीच संकेतस्थळाचा पत्ता अडवावा, असा विचार पुढे आला. एमआयटीतील काही अभियंत्यांनी सुरू केलेली साइटअ‍ॅडव्हायझर ही सेवा संकेतस्थळांना लाल, पिवळी किंवा हिरवी खूण देत असे आणि एप्रिल २००६मध्ये मॅकअफीने ती विकत घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ७ आणि फायरफॉक्स २ या दोन्ही ब्राउझरांत फसव्या पानांविषयी सावध करण्याची सोय होती. माझ्या मते आजच्या तक्रारींचे मूळ याच वळणावर आहे. पत्ता फाइलीसारखा स्थिर नसतो : त्यावरचा मजकूर रोज बदलतो, एकाच सर्व्हरवर आणि एकाच आयपी पत्त्यावर (इंटरनेटवरील सर्व्हरच्या क्रमांकावर) शेकडो असंबद्ध संकेतस्थळे नांदतात आणि डोमेनचा मालकही बदलू शकतो. अशा पत्त्यावर मारलेला शिक्का शेजाऱ्याच्या दोषामुळे किंवा केव्हाच निस्तरलेल्या जुन्या दोषामुळेही लागू शकतो.

पत्त्यांच्या यादीतली एक चूक किती दूर पोहोचते, हे ३१ जानेवारी २००९ रोजी दिसले. त्या दिवशी भारतात शनिवारची रात्र सुरू होत असताना, आठच्या सुमारास, गूगलच्या शोधात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक निकालाखाली ‘हे संकेतस्थळ तुमच्या संगणकाला अपाय करू शकते’ अशा अर्थाची ओळ झळकू लागली. घातक पत्त्यांच्या यादीत नवी भर घालताना एका कर्मचाऱ्याच्या हातून केवळ ‘/’ हे तिरपे चिन्ह स्वतंत्र नोंद म्हणून गेले होते. हे चिन्ह प्रत्येक वेबपत्त्यात असतेच, त्यामुळे यंत्रणेच्या लेखी सारे इंटरनेटच धोकादायक ठरले. तासाभराच्या आत दुरुस्ती झाली आणि कंपनीने ही मानवी चूक असल्याचे उघडपणे मान्य केले.

अँटिव्हायरस कंपन्यांचा अनुभवही फारसा वेगळा नाही. ११ एप्रिल २०११ रोजी अवास्टच्या एका अपडेटनंतर असंख्य निर्दोष पाने संसर्गग्रस्त असल्याचे दाखवले जाऊ लागले. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इसेन्शियल्सने गूगलच्या मुखपृष्ठावरच ‘ब्लॅकोल’ या घातक स्क्रिप्टचा, म्हणजे पानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, आळ घेतला. २४ एप्रिल २०१७ रोजी वेबरूटने फेसबुकला फसवे संकेतस्थळ ठरवले, तर २९ मार्च २०२३ रोजी मायक्रोसॉफ्ट डिफेंडरने झूमसारख्या सेवांचे वैध दुवे घातक म्हणून नोंदवले. अशा चुकांमागे एक तांत्रिक कारण वारंवार आढळते. हल्लेखोर आपली स्क्रिप्ट ओळखू येऊ नये म्हणून दुर्बोध करून ठेवतात, तर प्रामाणिक संकेतस्थळे पान लवकर उघडावे म्हणून आपली स्क्रिप्ट आक्रसून घेतात. दोन्ही वरवर सारख्याच दिसतात आणि साम्यावर चालणाऱ्या नियमाला त्यांतला फरक नेहमीच कळतो असे नाही.

या घटनांतली संकेतस्थळे बडी होती, म्हणून दुरुस्ती लवकर झाली. छोट्या दुकानदाराच्या किंवा एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळाला असा शिक्का लागतो तेव्हा तो मालकाला बराच काळ कळतही नाही, कारण सूचना दिसते ती वाचकाच्या संगणकावर. शिवाय एका कंपनीचा निर्णय दुसरी उचलते. कॅस्परस्कीने २०१०मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगात वीस निरुपद्रवी फाइली तयार करून त्यांपैकी दहा फाइलींना मुद्दाम घातक ठरवले होते आणि त्या अनेक अँटिव्हायरसांकडून एकाच वेळी तपासणी करून देणाऱ्या व्हायरसटोटल या सेवेकडे पाठवल्या होत्या. दहा दिवसांत इतर कंपन्याही, जास्तीत जास्त चौदा, त्याच दहा फाइलींना घातक म्हणू लागल्या. प्रयोग फाइलींवरचा असला, तरी पत्त्यांच्या याद्याही अशाच एकीकडून दुसरीकडे जातात.

शिक्का मारणाऱ्याला जबाबदार धरता येते का, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला, मात्र तिथेही वाद संकेतस्थळांविषयीचा नसून सॉफ्टवेअरविषयीचा होता. आक्षेपार्ह वाटणारा मजकूर अडवणाऱ्याला दाव्यांपासून संरक्षण देणाऱ्या, १९९६च्या कायद्यातील कलम २३०चा आधार घेऊन नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २००९मध्ये झँगो या जाहिराती दाखवणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या दाव्यात कॅस्परस्कीला संरक्षण दिले. एनिग्मा विरुद्ध मालवेअरबाइट्स या, सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या खटल्यात मात्र २०१९मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की प्रतिस्पर्ध्याला नमवण्यासाठी घेतलेल्या निर्णयाला हे संरक्षण मिळत नाही. २०२३मध्ये ते आणखी पुढे गेले : ‘घातक’ आणि ‘धोका’ हे शब्द केवळ मत नसून, खरे की खोटे ते तपासता येईल असे वस्तुस्थितीचे विधान आहेत, असे मानून खटला पुढे चालवण्यास त्याने वाट मोकळी केली. तो वाद दोन कंपन्यांमधला होता आणि दोघींनाही वकील परवडत होते. ज्याच्या छोट्या संकेतस्थळावर शिक्का बसला आहे, त्याच्या हाती आजही मुख्यतः फेरतपासणीचा अर्जच आहे आणि तो प्रत्येक कंपनीकडे वेगळा करावा लागतो.