घरातल्या तासांचा हिशेब आणि गोव्याचा अर्धा वाटा

माणसं आपला वेळ कशात घालवतात, याचं सर्वेक्षण करणारे दिवस पहाटे चारपासून धरतात. चार ते दुसऱ्या दिवशीचे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ खण. घरातल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने या प्रत्येक खणात काय केलं, ते नोंदवायचं. देशभर असं सर्वेक्षण पहिल्यांदा २०१९ मध्ये झालं. त्याआधी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत चाचणी झाली होती, तिच्यात गोवा नव्हता. २०२४ मध्ये ते पुन्हा झालं. आपल्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटांवरून २८९ वर आली, पुरुषाची ९७ वरून ८८ वर. म्हणजे बाईची दहा मिनिटं कमी झाली, पण ती पुरुषाने उचलली नाहीत. त्याचीही नऊ कमीच झाली. मुलांची, आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची देखभाल वेगळी मोजतात. ती करणाऱ्या बाईची त्यात १३७ मिनिटं जातात, पुरुषाची ७५.

या खणांत न मावणारं कामही असतं. अंथरुणाला खिळलेली सासू आतल्या खोलीत आहे, सून मागीलदारी मासळी साफ करते आहे, पण तिचा कान आत आहे. कागदावर नोंद होते ती स्वयंपाकाची. त्या वेळात तिला बाजारात जाता आलं नाही की कुणाच्या बागायतीत रोजावर जाता आलं नाही, हे कुठेच उमटत नाही. आणि गोव्यात ही देखभाल वाढत जाणार. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण देशात ८.६ टक्के होतं, गोव्यात ११.२. केरळनंतर आपणच. त्यात मुलगा आखातात किंवा तारवटी म्हणून बोटीवर गेलेला असला की घरी राहिलेल्या एकटीवर दोन पिढ्या येतात.

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत या कामाला जागा नाही. घरच्यापुरती वस्तू तयार केली तर ते उत्पादन. घरच्या माणसांसाठी सेवा केली तर नाही. परसातल्या भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं वाळवली, ते काम उत्पादनात धरता येतं. त्याच सोलांची कढी करून सासऱ्यांना भरवली, की ते हिशेबाबाहेर. सासऱ्यांसाठी पगारी नर्स ठेवली तर तिचा पगार मात्र देशाच्या उत्पन्नात जमा होतो.

मोजायचंच ठरवलं तर पद्धती दोन आहेत. हेच काम पगारी माणसाकडून करून घेतलं असतं तर किती पडलं असतं, ही एक. तेवढ्या वेळात ती बाई बाहेर किती कमावती, ही दुसरी. दुसरी मला अन्यायाची वाटते, कारण तिच्या हिशेबाने डॉक्टरबाईने शिजवलेला भात काजूच्या कारखान्यातल्या बाईच्या भातापेक्षा महाग ठरतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये किमान वेतनाचा दर लावून पाहिला. जगात रोज १,६४० कोटी तास असं बिनपगारी काम होतं, त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त बायका करतात, आणि त्याची किंमत जगाच्या उत्पन्नाच्या ९ टक्के भरते.

आपल्या न्यायालयांनीही आकडा लावला आहे. लता वाधवा खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. २०२१ च्या कीर्ती खटल्यात तर २०१९ च्या सर्वेक्षणाचाच आधार घेतला. पण हे दोन्ही निकाल बाई गेल्यानंतरच्या नुकसानभरपाईचे होते.

गोव्याकडे याहून मोठी गोष्ट आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा इथे अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. १९६१ च्या आयकर कायद्यानेही कलम ५ए घालून हे मान्य केलं: अशा जोडप्याचं घरभाडं, धंद्याचा नफा, बँकेचं व्याज दोघांत समान वाटून कर लावायचा. बाहेर कमावणं आणि घर चालवणं मिळून एकच मिळकत होते, ही कल्पना इथे कायद्यातच आहे.

मात्र कराच्या या वाटणीतून पगार वगळलेला आहे. आज बहुतेक घरं पगारावरच चालतात, आणि भविष्य निर्वाह निधी, पेन्शन, ग्रॅच्युइटी सगळं पगाराला चिकटून येतं. ज्या घराकडे ना बागायत ना दुकान, तिथे त्या अर्ध्या वाट्याचं बाईच्या हाती फारसं काही येत नाही. २०१२ पासूनची गृह आधार योजना वार्षिक तीन लाखांच्या आतल्या कुटुंबातल्या गृहिणीला महिना १,५०० रुपये देते. ते महागाईसाठीचं साहाय्य आहे, मोबदला नव्हे, आणि ते कित्येक घरांना खरंच उपयोगी पडतं. तरी देशाच्या सरासरीने रोजची २८९ मिनिटं धरली तर महिन्याचे साधारण १४४ तास होतात. तासाला दहा रुपयांच्या आसपास.

आई होण्याची किंमत डेन्मार्कमधल्या अर्थतज्ज्ञांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून मोजली. पहिल्या मुलानंतर आईची कमाई बापाच्या तुलनेत दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते. इतक्या सोयींच्या देशात ही गत! आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, पण कामगार राज्य विमा योजनेत नसलेल्या बाईचा त्या काळातला पगार मालकानेच द्यायचा. छोट्या हॉटेलाला किंवा औषधांच्या दुकानाला मग तरुण बाईला कामावर घेणंच जड वाटतं. हा खर्च सर्वांच्या वर्गणीच्या निधीतून गेला पाहिजे.

जर्मनीने १९८६ पासून मूल वाढवण्याची वर्षं पेन्शनमध्ये धरली. १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षं, जणू त्या काळात सरासरी पगाराची नोकरी केली. वर्गणी सरकार भरतं. गोव्याने हे म्हाताऱ्यांच्या देखभालीलाही लावावं, कारण आपल्या घरांतला मोठा भार तिकडेच आहे.

तोवर निदान पाळणाघरं. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीतच पाळणाघर चालवता येतं. सत्तरी-डिचोलीहून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या आईची शिफ्ट संपून ती परत येईपर्यंत ते उघडं राहायला हवं, आणि तिथे मुलं सांभाळणाऱ्या बाईला मानधन नव्हे, पगार मिळायला हवा.